अनाहूत पत्रें

सकाळीं कचेरींत जाऊन संगणक उघडावा, आणि कामाच्या पत्रांना हात लावण्यापूर्वीं न मागितलेल्या पत्रांची रास उपसावी, हा हल्लीं असंख्य नोकरदारांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. कोणी नांवापुरत्या व्याजानें कर्ज देऊं करतो. कोणी आम्हीं कधींच न घेतलेल्या तिकिटावरील सोडतीचें बक्षीस घेऊन उभा राहतो. कोणी बँकेचें नांव धारण करून आमचा गुप्त शब्द विचारतो. आणि कोणी तर खुद्द आमच्या वरिष्ठांचें सोंग घेऊन ताबडतोब पैसे पाठविण्याची आज्ञा सोडतो. इंग्रजींत या प्रकारास 'स्पॅम' म्हणतात. आम्ही त्यांस अनाहूत पत्रें म्हणूं. अशा पत्रास पुसून टाकण्यास एका क्षणाहून अधिक वेळ लागत नाहीं, हें खरें; आणि म्हणूनच या त्रासाविषयीं गंभीरपणें लिहिणें पुष्कळांस हास्यास्पद वाटेल.

आम्हांसही गतवर्षापर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु आमच्या कचेरींत एका जागेसाठीं अर्ज मागविले असतां, दूरच्या एका तालुक्यांतून आलेला एका तरुणीचा अर्ज संगणकानें परभारें स्पॅमच्या कप्प्यांत टाकला. तो आमच्या दृष्टीस पडला तेव्हां दुसऱ्याची नेमणूक होऊन तीन आठवडे लोटले होते. अर्ज मुदतींत आला होता, आणि चांगला होता. तिला काय उत्तर लिहावें, याचा विचार करीत बसलों असतां आमच्या ध्यानांत आलें कीं, अनाहूत पत्रांची किंमत आम्ही आजवर आपल्याच क्षणांनीं मोजीत होतों. ती भलत्याच माणसाकडून वसूल होत होती. ही किंमत आरंभापासून कोणी दिली आणि कोणी चुकविली, हें पाहण्यासाठीं या पत्रांचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

इंग्लंडांत १८४० पूर्वीं टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाराकडून वसूल होत असे, व तो अंतराप्रमाणें वाढे. ही पद्धति गरिबांस जाचक होती, यांत शंका नाहीं. पण तींत एक गुण नकळत राहून गेला होता. घेणारास पत्र नाकारतां येत असे. आणि परक्याची जाहिरात पदरचे पैसे देऊन कोण सोडवून घेणार? रोलंड हिल यांच्या खटपटीनें १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, आणि खर्च पाठविणाराच्या माथीं आला. आपल्याकडे १८५४ सालीं त्याच तत्त्वावर अर्ध्या आण्याचें तिकीट निघालें. हलकें पत्र मुंबईहून पुण्यास जावो कीं कलकत्त्यास, दर एकच. तिकीट न लावलेल्या पत्रावर घेणारास दुप्पट भरावें लागे, आणि आमच्या वडील पिढीच्या तोंडीं असलेला 'नॉटपेड' हा शब्द अशाच व्यवहारांतला. पुढें १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें व लिहिणें आणखी स्वस्त झालें. 'हें कार्ड मिळतांच अकरा जणांस असेंच लिहा, न लिहाल तर अरिष्ट येईल,' अशीं देवाच्या नांवाचीं कार्डें कधींच आलीं नाहींत असें घर महाराष्ट्रांत विरळा. मात्र तेथेंही अकरा कार्डांचे पैसे आणि अकरा वेळां लिहिण्याचे श्रम कोणाच्या तरी पदरचे जात. म्हणून भीति ओसरली कीं ती सांथही ओसरे.

लबाडीचीं पत्रें तर पेनीच्या टपालाहूनही जुनीं आहेत. आधीं गुन्हेगार व पुढें पोलीस-अधिकारी झालेला फ्रान्सचा प्रसिद्ध व्हिदोक यानें चोरांविषयीं लिहितांना 'जेरुसलेमचीं पत्रें' या नांवाच्या एका धंद्याचें वर्णन केलें आहे. तुरुंगांतले कैदी प्रांतांतील सधन गृहस्थांस लिहीत कीं, आपण राज्यक्रांतींत पळालेल्या एका सरदाराचे सेवक असून धन्याची पेटी अमुक ठिकाणीं लपविली आहे. ती काढण्यापुरती थोडी मदत करावी, म्हणजे आपणांसही वांटा मिळेल. आजच्या पत्रांत सरदाराच्या जागीं परदेशचा मंत्री येतो, एवढाच काय तो फरक! व्हिदोकच्या म्हणण्याप्रमाणें अशा शंभर पत्रांपैकीं विसांस उत्तर येत असे. हा आंकडा वाचकांनीं स्मरणांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

तारेचा जन्म झाल्यावर जाहिरातवाल्यांस नवी वाट सांपडली. १८६४ सालच्या मे महिन्यांत लंडनमधील कांहीं प्रतिष्ठित राजकारणी गृहस्थांच्या दारीं रात्रीं उशिरां तारवाला आला. तार म्हणजे मृत्यूची, आजाराची किंवा राज्यावरील संकटाची वार्ता, अशी त्या काळची समजूत. धडधडत्या छातीनें लखोटा फोडून पाहतात तों आंत गेब्रिएल नांवाच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वेळा! 'टाइम्स' पत्रांत याविरुद्ध संतप्त तक्रार छापून आली. तक्रार योग्यच होती. कारण त्या दंतवैद्यांनीं तारेचे पैसे भरले होते, पण तारेविषयीं लोकांच्या मनांत जें भय व जो आदर सांठला होता, त्याचे पैसे त्यांनीं कोणासच दिले नव्हते. तो ठेवा दुसऱ्यांचा होता, आणि त्यांनीं तो फुकट खर्चिला.

आतां संगणकाच्या युगाकडे वळूं. अमेरिकेच्या संरक्षण-खात्याच्या पैशानें 'आर्पानेट' हें संगणकांचें जाळें उभें राहिलें. तें विद्वानांचें व अधिकाऱ्यांचें लहानसें गांव होतें. गांवांत दारांस कड्या नव्हत्या. जॉन पोस्टेल या अभियंत्यानें १९७५ सालींच एक टिपण लिहून दाखविलें होतें कीं, एखादा संगणक निरुपयोगी मजकूर पाठवूं लागला तर घेणाऱ्या संगणकास तो नाकारण्याची सोयच या व्यवस्थेंत नाहीं. म्हणजे १८४० पूर्वींच्या गरिबासही जो हक्क होता, तो या नव्या टपालांत कोणासच ठेवलेला नव्हता.

तीन वर्षांनीं, ३ मे १९७८ रोजीं, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क नांवाच्या विक्री-अधिकाऱ्यानें आपल्या नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचें निमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें ४०० जणांस एकदम पाठविलें. पत्ते छापील सूचींतून घेऊन हातानें भरले होते, आणि ते इतके झाले कीं पत्त्यांची जागा भरून उरलेले पत्ते मजकुरांत सांडले. जाळ्याच्या अधिकाऱ्यांनीं कंपनीस खडसावलें. परंतु या पत्रामुळें लक्षावधि डॉलरांची विक्री झाली, असें थुर्क पुढें अभिमानानें सांगत असे. निषेध झाला आणि नफाही झाला. या दोहोंपैकीं जगानें कोणता धडा घेतला, हें सांगावयास नको.

'स्पॅम' हें नांव मात्र मागाहून आलें. तें मूळचें हॉर्मेल कंपनीनें १९३७ सालीं बाजारांत आणलेल्या डबाबंद मांसाचें. १९७० सालीं 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीनें एक प्रहसन केलें; त्यांतील खाणावळींत जो पदार्थ मागावा त्यांत स्पॅम असतेंच, आणि त्या शब्दाच्या गजरांत बाकी संभाषण बुडून जातें. संगणकावरील थट्टेखोर तरुणांनीं तो शब्द उचलला. १२ एप्रिल १९९४ रोजीं कँटर व सीगल या वकील दांपत्यानें अमेरिकेंत कायम वास्तव्याचा परवाना देणाऱ्या सोडतीची जाहिरात हजारों चर्चामंडळांत एकाच वेळीं टाकली, तेव्हां या नांवाचा बोलबाला झाला. ती सोडत सरकारी असून तींत भाग घेण्यास वकिलाची गरजच नव्हती. जगभरांतून तक्रारींचा पाऊस पडला. दांपत्यानें पश्चात्तापाऐवजीं अशा जाहिरातींतून धन कसें मिळवावें यावर पुस्तक लिहिलें.

आतां व्हिदोकचा आंकडा पुन्हां घेऊं. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील कांहीं संशोधकांनीं अनाहूत पत्रें पाठविणाऱ्या एका चोरट्या यंत्रणेंत शिरून तिचा हिशेब तपासला. औषधांच्या जाहिरातीचीं सुमारें ३५ कोटि पत्रें २६ दिवसांत निघालीं, आणि त्यांतून खरेदीपर्यंत पोंचलेले लोक भरले अवघे २८. म्हणजे सव्वा कोटि पत्रांमागें एक गिऱ्हाईक! पॅरिसच्या कैद्यास शंभरांत वीस उत्तरें लागत, कारण त्यास प्रत्येक पत्र हातानें लिहावें लागे. आजच्या धंदेवाल्यास सव्वा कोटींत एक पुरतें, कारण तीं पत्रें दुसऱ्याच्या रोगट संगणकांवरून, दुसऱ्याच्या विजेवर, फुकट जातात. उरलेल्या सर्वांचा वेळ त्याच्या वहींत कोठेंच मांडलेला नसतो. या धंद्याचें सारें रहस्य त्या न मांडलेल्या रकमेंत आहे.

यावर तीन उपाय होऊन गेले: कायदा, चाळणी आणि दर. अमेरिकेनें २००३ सालीं कायदा केला. त्यानें खोटें नांव व फसवा मथळा यांस बंदी केली, 'पुन्हां पाठवूं नका' म्हणण्याची सोय ठेवण्यास सांगितलें, पण न विचारतां पहिलें पत्र पाठविण्यास मनाई केली नाहीं. आपल्याकडे दूरध्वनीवरील जाहिरातींसाठीं २०१० व २०१८ सालीं नियम झाले. नोंदणी केलेला व्यापारी ते पाळतो, आणि ज्यास पाळावयाचेच नाहींत तो साध्या क्रमांकावरून बोलतो. दुसरें उदाहरण अधिक उद्बोधक आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६ अ हें कलम आलें. त्याच्या एका पोटकलमानें, त्रास देण्यासाठीं किंवा पत्राच्या उगमाविषयीं फसविण्यासाठीं ई-मेल पाठविणें हा गुन्हा ठरविला होता. अनाहूत पत्रांस हें चपखल बसे. पण 'त्रास' या शब्दास कुंपण कोठें घालावें? २०१२ सालीं पालघर येथें मुंबईच्या बंदविषयीं मत मांडल्यावरून दोन तरुणींस अटक झाली, तेव्हां त्यांवर लावलेल्या कलमांत हेंही होतें. अखेर २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. भामट्यांसाठीं विणलेलें जाळें भलत्यांच्याच पायांत अडकलें, असें येथेंही झालें.

चाळणीची कथा अधिक यशाची आहे. थॉमस बेझ हा इंग्रज धर्मोपदेशक १७६१ सालीं वारला; त्याचा संभाव्यतेवरील निबंध मरणोत्तर १७६३ सालीं छापला गेला. त्या तत्त्वावर, पत्रांतील कोणता शब्द चांगल्या पत्रांत किती वेळां व वाईटांत किती वेळां येतो हें मोजून, पत्राची जात ठरवितां येते. पॉल ग्रॅहॅम यानें २००२ सालीं ही रीति लोकप्रिय केली. आज आमच्यापर्यंत जीं अनाहूत पत्रें पोंचतात तीं या चाळणीच्या वंशजांतून निसटलेलीं थोडकीं होत; चाळणी नसती तर ई-मेल वापरणेंच अशक्य झालें असतें. मात्र वाईट पत्र आंत येणें आणि खरें पत्र अडणें या दोन चुकांपैकीं दुसरी फार अधिक वाईट, असें ग्रॅहॅमनेंच बजावून ठेवलें आहे. पहिली चूक आपणांस रोज दिसते व आपण तिजवर चिडतों. दुसरी दिसतच नाहीं. त्या तरुणीचा अर्ज आम्हीं योगायोगानें पाहिला. न पाहिलेले किती असतील?

तिसरा उपाय दराचा. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर या गणितज्ञांनीं १९९२ सालीं सुचविलें कीं, प्रत्येक पत्राबरोबर पाठविणाऱ्या संगणकानें एक लहानसें कोडें सोडवावें. चार पत्रें लिहिणारास त्याचें ओझें नाहीं. कोट्यवधि पाठविणाराचें मात्र दिवाळें निघावें. रोलंड हिलच्या तिकिटाचाच हा नवा अवतार होता. टपालांत तो रुजला नाहीं. कारण ज्याच्या हातीं दुसऱ्यांचे संगणक चोरून आलेले आहेत, त्यास तिकीटही चोरीचेंच लावतां येतें. ही कल्पना पुढें बिटकॉइन या चलनाच्या रचनेंत कामास आली, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. २००४ सालीं बिल गेट्स यांनीं दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असें भाकीत केलें होतें. तीं दोन वर्षें केव्हांच सरलीं.

तर मग करावें काय? भामट्यास लाज शिकविणें आमच्या हातीं नाहीं. परंतु आमच्या कचेरींतील नको असलेल्या पत्रांचा आम्हीं एक आठवडा हिशेब ठेवला, तेव्हां त्यांतील मोठा भाग भामट्यांचा नसून आमच्याच सहकाऱ्यांचा, आणि कांहीं आमचाही निघाला. एकास विचारावयाचें तें चाळीसांस विचारलेलें. 'ठीक आहे' एवढेंच उत्तर सर्वांस धाडलेलें. ज्यांचा संबंध नाहीं त्यांसही सावधगिरी म्हणून प्रत जोडलेली. तिकीट लागत नाहीं म्हणून आम्हीही त्या दंतवैद्यांप्रमाणें दुसऱ्याचें लक्ष फुकट खर्चीत होतों. सभ्य माणसाच्या अनाहूत पत्रास चाळणी अडवीत नाहीं. तें त्यानेंच अडविलें पाहिजे.

त्या तरुणीस आम्हीं खरें तें लिहिलें: अर्ज वेळेवर आला होता, दोष आमचा होता, आणि जागा भरली गेली आहे. तिचें दोन ओळींचें सौम्य उत्तर आलें. तेंही स्पॅमच्या कप्प्यांतच सांपडलें. पण या वेळीं त्याच दिवशीं, कारण तो कप्पा रोज सायंकाळीं उघडून पाहण्याचा नियम आम्हीं तेव्हांपासून केला आहे. त्या कामीं दहा मिनिटें जातात. तीं दहा मिनिटें आम्हांस आतां दंडासारखीं वाटत नाहींत. तें आमच्या वांट्याचें टपालहंशील आहे, असें आम्ही समजतों.