अकरा नोव्हेंबरचा स्मृतिदिन

फ्रान्समधील कोंपियेन्यच्या अरण्यात उभ्या असलेल्या आगगाडीच्या एका डब्यात, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास, जर्मनी व दोस्त राष्ट्रे ह्यांच्या प्रतिनिधींनी युद्धतहकुबीच्या करारावर सह्या केल्या. करार अंमलात आला तो सकाळी अकरा वाजता. अकराव्या महिन्यातील अकराव्या दिवसाची ती अकराची वेळ लोकांच्या मनात कायमची राहिली. ब्रिटनमध्ये आणि राष्ट्रकुलातील अनेक देशांत आजही पाळला जाणारा स्मृतिदिन त्या घटकेतून जन्माला आला.

दिवस इतिहासाने दिला; त्याचे विधी मात्र शोकाने घडविले. स्तब्ध उभे राहण्याची प्रथा दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरातून आली. तेथे १९१८ च्या मे महिन्यापासून रोज दुपारी बारा वाजता तोफ झाली की रस्त्यावरचे व्यवहार थांबत आणि माणसे जागच्या जागी उभी राहत. सर पर्सी फिट्झपॅट्रिक ह्यांचा मुलगा १९१७ साली युद्धात पडला होता. त्यांनी ह्या प्रथेची शिफारस लंडनला केली, राजे पंचम जॉर्ज ह्यांनी ती मान्य केली, आणि ११ नोव्हेंबर १९१९ रोजी अकरा वाजता सारे ब्रिटन दोन मिनिटे निःशब्द झाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये विजयसंचलनासाठी लंडनला लाकूड व प्लॅस्टर ह्यांचे एक तात्पुरते स्मारक उभारण्यात आले होते. त्याचे नाव सेनोटाफ. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ रिकामी समाधी. ज्यांच्या मुलांची थडगी परदेशात होती, किंवा कोठेच नव्हती, अशा आईबापांनी तिच्या पायाशी फुलांचे ढीग घातले. तेव्हा सर एडविन लट्येन्स ह्यांची तीच रचना दगडात बांधण्यात आली आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजी तिचे अनावरण झाले. त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत एका अज्ञात सैनिकाचा देह फ्रान्सच्या मातीत पुरण्यात आला. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवणाऱ्या तांबड्या पॉपीची कृत्रिम फुले माजी सैनिकांच्या साहाय्यार्थ विकली जाऊ लागली. ती छातीवर लावण्याचा प्रघात अजून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य समारंभ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होऊ लागला.

ह्या सर्व विधींच्या मुळाशी एक नवा विचार होता. पूर्वीच्या युद्धांत पुतळे उभे राहत ते बहुधा सेनापतींचे. साधा शिपाई सामाईक खड्ड्यात नाहीसा होई. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने ही रीत मोडली. अधिकारी असो वा शिपाई, समाधीचा दगड सारखाच. आणि ज्याची समाधी सापडत नाही त्याचे नाव भिंतीवर कोरायचे. बेल्जममधील ईप्र येथील मेनिन वेशीवर अशी चोपन्न हजारांहून अधिक नावे आहेत. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत.

परंतु हा नियम सर्वत्र पाळला गेला नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून ह्या सैन्याला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले, आणि पुढे कैदेत अनेकांचा अंत झाला. समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ एक संख्या आली.

महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत आजही तशाच संगमरवरी पाट्या दिसतात. ह्या गावातून अमुक इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. ते कोण होते, हे पाटी सांगत नाही. गावातले म्हातारे सांगत असत. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ नावेही गेली.

ह्या उणिवेची कबुली यायला शंभर वर्षे लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये समाधी आयोगाच्या चौकशी समितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिका खंडांतील किमान एक लक्ष सोळा हजार मृतांची नावानिशी नोंद झाली नाही, असे त्यात नमूद झाले. आयोगाने क्षमा मागितली आणि जुन्या नोंदींतून नावे शोधण्याचे काम हाती घेतले.

सेनोटाफ रचणाऱ्या लट्येन्स ह्यांनीच दिल्लीची इंडिया गेट ही कमान रचली, आणि १९३१ साली खुल्या झालेल्या ह्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. तिच्याजवळच २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तेथील भिंतींवर एकेक करून कोरली आहेत. कोणी लेक, कोणी नात तेथे येते, ग्रॅनाइटवर बोट फिरवीत आपल्या माणसाचे नाव शोधते आणि सापडले की तेथे थांबते. बसऱ्याला गेलेल्या शिपायाच्या घरच्यांना एवढे तरी मिळायला हवे होते.