राख, चिंच आणि रिठा

नगरच्या जुन्या वाड्यांत परसदारी भांडी घासण्याची जागा असे आणि तिच्या कडेला तीन वस्तू हमखास सापडत : चुलीतली चाळलेली राख, नारळाची शेंडी आणि आमटीसाठी कोळून घेतलेल्या चिंचेचा चोथा. यांपैकी एकही वस्तू घासण्यासाठी म्हणून विकत आणलेली नसे. निजामशाहीच्या या नगरीत इतिहास म्हटला की किल्ला आणि तोफा आठवाव्यात, हे साहजिक आहे. परंतु हे गाव ज्या भांड्यांत जेवले ती कशाने स्वच्छ होत, हाही प्रश्न इतिहासाचाच आहे, असे आम्ही मानतो.

नगरला तर तो विशेष लागू पडतो; कारण तांब्यापितळेची भांडी घडवणे हा येथला जुना धंदा. १८८४ साली निघालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. या भांड्यांवर हवेने काळपट पुट चढते. चिंचेतले टार्टारिक आम्ल ते पुट विरघळवते आणि खालचा धातू उजळ दिसू लागतो. मात्र हेच आम्ल भांड्याच्या आत राहिले की पदार्थ कळकतो. म्हणून आतून कल्हई आणि बाहेरून चिंच. ज्या चिंचेने भांडे उजळायचे तिला आतल्या धातूशी भिडू द्यायचे नाही, हे रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या गृहिणींना पक्के ठाऊक होते. चिंचेचा तर या भागात तोटा नव्हताच. नगरच्या बाजारात तिचा व्यापार आजही मोठा आहे. राखेचे काम निराळे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकटपणा सोडवतो आणि त्याचा काही अंश साबणासारखाच होतो. दगडी कोळशाच्या राखेला ही करामत साधत नाही. ती नुसतीच खरखरीत.

ही विद्या किती जुनी? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यात तांबे, कासे, पितळ यांना क्षार, आम्ल आणि पाणी सांगितले आहे, तर लोकरीच्या कांबळ्याला रिठा. त्या ग्रंथातील इतर पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे. हे प्रकरण मात्र कोणा अनुभवी माणसाला विचारून लिहिलेले दिसते. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ असेच नाव आहे. त्याच्या सालीतील सॅपोनिन पाण्याला फेस आणते आणि लोकर, रेशीम यांच्या धाग्याला न दुखवता मळ काढते. सराफही सोन्याचांदीचे दागिने रिठ्याच्याच पाण्यात धुवत आले. तिकडे वऱ्हाडात लोणारच्या खाऱ्या सरोवरातून साबणाला लागणारा क्षार निघतो, याची दखल अकबराच्या दरबारातील ‘आईन-इ-अकबरी’नेही घेतली आहे.

विलायती सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. साबणात चरबी असते या शंकेने पुष्कळ घरांनी तो दारातच अडवला. पुढे १९१८-१९ च्या सुमारास अर्देशर गोदरेज यांनी वनस्पतितेलाचा साबण काढला आणि ती अडचण दूर झाली. १९५९ साली सर्फ आले, १९६९ साली निरमा. तरीही राखेला खरे हटवले ते या पुड्यांनी नव्हे, असे आमचे मत आहे. चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला. घरात राखच उरली नाही. पाठोपाठ पितळ माळ्यावर गेले आणि फळीवर स्टेनलेस स्टील चढले. जे घरच्या टाकाऊतून होत होते ते दुकानातून येऊ लागले आणि त्याचे रिकामे पाकीट उकिरड्यावर जाऊ लागले.

याचा अर्थ जुने ते सारे गोड होते असा नव्हे. राखेने बोटांना भेगा पडत. आणि ती बोटे बहुधा घरातल्या सुनेची, नाही तर मोलकरणीची असत. साबणाने त्यांचा थोडा वेळ वाचवला, हे कबूल न करणे कृतघ्नपणाचे होईल.

तरी एक गोष्ट आजच्या घरातही साधण्यासारखी आहे. आपल्या श्रीगोंदे तालुक्यातली लिंबे प्रसिद्ध आहेत. पिळून झाल्यावर त्यांच्या साली कचऱ्यात जातात. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी प्लॅस्टिकच्या बरणीत घालावे, वर थोडी जागा रिकामी सोडावी आणि तीन महिने आंबू द्यावे. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. काचेची बरणी वापरल्यास ती फुटण्याचे भय असते. गाळून घेतलेला आंबट द्रव पाणी मिसळून मोरीला, नळाला, ओट्याच्या चिकटपणाला चालतो. त्याने रोगजंतू मरतात असे मात्र समजू नये. आजाऱ्याच्या खोलीला त्याचा भरवसा नाही. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड, तेव्हा आंबट द्रवाने तिची झिलई जाते. तिला थोडे रिठ्याचे पाणी पुरे. आणि ब्लीचिंग पावडरीशी हा द्रव कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.