शहराच्या आकाशातून हरवलेली देवयानी

तारा, तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका ही आकाशनिरीक्षणातील चारही आकर्षणे जानेवारीत एकाच रात्री पाहता येतात. त्यासाठी मोठ्या दुर्बिणीची गरज नसते.

रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेस मृग नक्षत्र ठळकपणे दिसते. त्याच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांची रेषा खाली वाढवल्यास व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. बाणाच्या किंचित दक्षिणेला, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर मृगातील तेजोमेघ आहे. वायू आणि धूळ यांच्या या मेघात आजही तारे जन्म घेत आहेत. जवळजवळ डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका दिसतो. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरील या गुच्छात नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात. प्रत्यक्षात त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे.

या तिन्हींचे दर्शन शहरातूनही घडते. तेजोमेघासाठी साधी द्विनेत्री पुरते. वायव्येकडील देवयानी दीर्घिका मात्र दिव्यांच्या झगमगाटात लोपते. चांदणे नसलेल्या रात्री, काळोख्या ठिकाणाहून ती नुसत्या डोळ्यांना अंधूक, लांबट डागासारखी दिसते. सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला तिचा प्रकाश अखेरच्या क्षणी पथदिव्यांपुढे हरतो.

दिव्यांचा झोत केवळ जमिनीकडे वळवल्यास ही हानी बरीच टळू शकते. काळोख जपल्याबद्दल महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघांच्या त्या जंगलात आता देवयानीही सुरक्षित आहे.