त्सफात नगर आणि ज्युबिलीचा अर्थ

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहावा, अशी चालकांची आज्ञा झाली. तेव्हां "ज्युबिली" ह्या शब्दापासूनच प्रारंभ करणें आम्हांस उचित वाटतें. हा शब्द मूळचा हिब्रू असून "योबेल", म्हणजे मेंढ्याचें शिंग, ह्यावरून आला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें आणि ज्याची भूमि हातची गेली असेल त्यानें आपल्या वतनावर परत यावें, अशी व्यवस्था लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितली आहे. म्हणजे कोण घराबाहेर पडला आहे, ह्याची चौकशी करण्याचा तो काळ होय. हा अर्थ आम्हांस जेथें विशेष स्पष्टपणें उमगला, त्या गालीलांतील त्सफात नगराचा वृत्तान्त वाचकांस सादर करीत आहों.

पवित्र भूमीच्या यात्रेस जाणारे आपले लोक नासरेथ, काना व कफर्णहूम हीं स्थळें पाहून सरोवराच्या कांठीं विसांवा घेतात. तेथून मोटारीनें तासाभराच्या आंत असलेल्या ह्या नगराकडे मात्र फारच थोडे वळतात. येरुशलेम, हेब्रोन, तिबिर्य आणि त्सफात हीं यहुदी लोकांचीं चार पवित्र नगरें होत. सरोवर समुद्रसपाटीच्याही सुमारें 200 मीटर खालीं, तर त्सफात तिच्या सुमारें 900 मीटर वर. म्हणून वाट चढणीची आणि वरची हवा थंड. प्रभूंनीं डोंगरावरील नगराचा दृष्टान्त दिला तेव्हां त्यांच्या दृष्टीसमोर हेंच शिखर असावें, अशी यात्रेकरूंत समजूत आहे. शुभवर्तमानांत मात्र ह्या नगराचें नांव नाहीं.

शिखरावर जे भग्न तट दिसतात, ते क्रूसयुद्धाच्या काळचे. 1168 सालीं टेम्पलर वीरांनीं हा गड आपल्या ताब्यांत घेतला. 1188 सालीं सलादीननें तो जिंकला. 1240 पासून टेम्पलरांनीं तो पुनः बांधिला आणि 1266 सालीं सुलतान बैबर्स ह्यानें तो कायमचा घेतला. शंभर वर्षांच्या त्या झुंजीचें आज एवढेंच अवशिष्ट आहे: पडके दगड, आणि त्यांच्या सावलींत खेळणारीं मुलें.

नगराचें खरें वैभव त्यानंतरचें आहे, आणि तें आणिलें निर्वासितांनीं. 31 मार्च 1492 रोजीं, ज्यांस इतिहास "कॅथॉलिक राजे" म्हणतो, त्या फर्डिनंड व इसाबेला ह्यांनीं स्पेनमधील यहुद्यांस बाप्तिस्मा किंवा देशत्याग असा निर्वाणीचा हुकूम दिला. 1497 सालीं पोर्तुगालांतही त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली. देशोधडीस लागलेल्या त्या लोकांस तुर्की साम्राज्यांत आश्रय मिळाला, आणि 1516 सालीं गालील तुर्कांकडे गेल्यावर त्यांच्यांतील अनेकांनीं त्सफात गांठलें. लोंकरीचें कापड विणणें व रंगविणें हा तेथील मोठा धंदा झाला. दिवसा माग चाले आणि रात्रीं ग्रंथाध्ययन चाले.

इबेरियांतून बालपणींच बाहेर पडलेले योसेफ कारो (1488–1575) येथेंच राहिले. त्यांचा "शुल्हान आरूख" हा आचारग्रंथ 1565 सालीं व्हेनिस येथें छापला गेला व पुढें जगभरच्या यहुद्यांस प्रमाण झाला. गूढविद्येचे आचार्य इसहाक लुरिया 1570 सालीं मिसरांतून आले आणि 1572 च्या सांथींत, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षीं वारले. त्यांनीं स्वतः फार थोडें लिहिलें. शिष्यांनीं त्यांचीं वचनें जतन केलीं. शुक्रवारीं सूर्य कलतांच शब्बाथाचें वधूप्रमाणें स्वागत करावयास हे लोक शुभ्र वस्त्रांनिशीं रानांत जात. श्लोमो अल्काबेत्स ह्यांनीं त्याच स्वागताचें जें गीत येथें रचिलें, तें आज देशोदेशींच्या यहुदी प्रार्थनामंदिरांत गाइलें जातें. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे आपल्या कोंकणांतील "शनिवार तेली", म्हणजे बेने इस्राएल, ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस ह्या निष्ठेचें बळ सांगावयास नको. गोव्यांत 1556 सालीं छापखाना चालू झाला. त्यानंतर एकवीस वर्षांनीं, 1577 सालीं, त्सफात येथें पवित्र भूमींतील पहिला छापखाना निघाला.

गोव्याचा उल्लेख आला तो तेवढ्यावरच सोडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपल्याकडेही 1560 सालीं इन्क्विझिशनची स्थापना झाली. मुंबई बेट ज्यांच्याकडे खंडानें होतें ते वैद्य गार्सिया द ओर्ता यहुदी कुळांतले. ते 1568 सालीं वारले. पुढच्याच वर्षीं त्यांची बहीण कातारीना गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळली गेली, आणि 1580 सालीं ओर्तांचीं अस्थि उकरून जाळण्यांत आलीं. त्सफातच्या जुन्या स्मशानांत, आकाशी रंग दिलेल्या थडग्यांमधून चालतांना, ही गोष्ट आमच्या मनांतून जाईना. जे त्सफातपर्यंत पोहोंचले, त्यांचे ग्रंथ उरले. जे पोहोंचूं शकले नाहींत, त्यांची राखही उरली नाहीं.

पुढें नगरावर संकटें कोसळलीं. 1759 चा भूकंप, 1834 च्या बंडांतील लूट आणि 1 जानेवारी 1837 चा भूकंप. ह्या शेवटच्यांत गालीलांत हजारों माणसें गाडलीं गेलीं. अबुहाव प्रार्थनामंदिराची पवित्र पटाची भिंत तेवढी वांचली, असें तेथील लोक सांगतात. ऑगस्ट 1929 च्या दंग्यांत यहुद्यांची हत्या झाली. मे 1948 च्या युद्धांत नगरांतील बहुसंख्य अरब रहिवासी परागंदा झाले व त्यांस परत येतां आलें नाहीं. 1935 सालीं येथें जन्मलेले पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास हे त्यांपैकींच. त्यांच्या मोहल्ल्यांत पुढें चित्रकार राहूं लागले आणि एका मशिदींत चित्रांचें प्रदर्शन मांडलें गेलें. एका निर्वासितांस ज्या नगरानें घर दिलें, त्याच नगरांतून दुसरे निर्वासित निघाले. दोन्ही गोष्टी जो ध्यानीं घेईल, त्यासच हें नगर दिसलें असें आम्ही म्हणूं.

आपल्यापैकीं कोणी तेथें गेल्यास शुक्रवारच्या दुपारपूर्वीं पोहोंचावें; नंतर दुकानें व वाहनें बंद होतात. मंदिरांत पुरुषांनीं मस्तक झांकावें आणि शब्बाथाच्या दिवशीं छायाचित्रें काढूं नयेत. निळ्या दारांच्या अरुंद गल्ल्यांतून पायींच फिरावें.

28 ऑक्टोबर 1965 रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें यहुद्वेषाचा स्पष्ट निषेध केला. 2000 च्या महाज्युबिली वर्षीं, 26 मार्च रोजीं, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं येरुशलेमच्या पश्चिम भिंतींत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेविली. ज्युबिली कशी पाळावी, ह्याचा तो वस्तुपाठ होय. आपल्या पन्नास वर्षांत काय उभारलें गेलें, त्याचा हिशेब ह्याच स्मरणिकेंत अन्यत्र आहे. ह्या काळांत आपल्या दारांतून कोण दुखावून परतला, कोणत्या घराशीं आपला राबता तुटला, हें प्रत्येकानें आठवावें आणि सण संपण्यापूर्वीं त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन यावें. ईश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.