उसन्या नावाचा खेळ

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस आंतरी नावाचे गाव आहे. अकबराचा विद्वान मंत्री अबुल फजल याची कबर तेथे आहे. दक्षिणेतून परतत असता १६०२ साली, शाहजादा सलीमच्या चिथावणीवरून, वीरसिंह बुंदेल्याने त्याला वाटेत गाठून ठार केले. या अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त महसूल, फौज आणि टांकसाळ यांची माहिती देताना चौपट व गंजिफा या खेळांनाही जागा दिली. बादशहाने गंजिफांच्या पानांत कोणते फेरफार केले, तेही त्याने नोंदविले. त्या फेरफारांसाठी बादशहाला कोणाचा परवाना काढावा लागला नाही. कारण खेळाला मालक असतो, ही कल्पनाच त्या काळी नव्हती.

ती कल्पना पुढे व्यापाराने आणली. सोंगट्या आणि कवड्यांचा पचिसीचा खेळ अमेरिकेत गेला, आणि १८७४ साली ‘पार्चिसी’ हे त्याचे नाव सेल्चो अँड रायटर या कंपनीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. १९८६ साली ती कंपनी कोलेकोने विकत घेतली. दोनच वर्षांत कोलेकोचे दिवाळे निघाले आणि १९८९ साली तिची मालमत्ता हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीकडे गेली. माजघरात जमिनीवर पट पसरून खेळावयाच्या खेळाचे नाव अशा रीतीने दिवाळखोरीच्या हिशेबात एक बाब होऊन बसले.

हीच कथा अधिक ठळकपणे घडली ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या बाबतीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली टीएसआर या छोट्या कंपनीने प्रसिद्ध केला. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक सोंग घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि यशापयशाचा निवाडा फासे करतात. दशावतारी खेळाला जसे लिखित संवाद नसतात, तसे येथेही नसतात. कथा खेळता खेळता उभी राहते.

संगणक घरोघर आल्यावर हे सोंग संगणकावर आणण्याची चढाओढ सुरू झाली. संगणकीय खेळांच्या धंद्यात भांडवल पुरवून खेळ करवून घेणारा व तो बाजारात आणणारा, त्याला प्रकाशक म्हणतात. १९८७ साली टीएसआरने कॅलिफोर्नियातील एसएसआय या प्रकाशकाला परवाना दिला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ने एसएसआयचे भाग्य उजळले. परंतु परवान्याची मुदत ही भाडेकराराची मुदत असते. नव्वदीच्या मध्यापर्यंत तो हक्क गेला आणि १९९४ साली एसएसआय स्वतःच विकली गेली. परवाना देणारी टीएसआरही कर्जात बुडून १९९७ साली दुसऱ्याच्या हाती गेली. नाव उसने घेणारा आणि देणारा, दोघेही एकाच वाटेने गेले.

या साऱ्या इतिहासात सर्वांत बोधप्रद उदाहरण इंटरप्ले या प्रकाशकाचे आहे. या कंपनीने १९९० नंतर ‘फॉलआउट’ नावाचा खेळ करावयास घेतला, तो स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ या टेबलखेळाच्या नियमांचा परवाना घेऊन. काम बरेच पुढे गेल्यावर मतभेद झाले आणि परवाना सुटला. कारागिरांना थोड्या अवधीत स्वतःची नियमावली रचावी लागली. संकट म्हणून आलेली ही गोष्ट वरदान ठरली. १९९७ साली आलेला ‘फॉलआउट’ नावापासून नियमांपर्यंत कंपनीच्या मालकीचा होता. उलट १९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’, ज्याने कंपनीची कीर्ती जगभर नेली, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या परवान्यावर उभा होता.

पुढे कर्जाचा डोंगर वाढला. २००३ साली परवाना गेला, आणि त्याबरोबर ‘बाल्डर्स गेट’च्या तिसऱ्या भागाचे चाललेले कामही गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस हे खेळ घडविणाऱ्या ब्लॅक आइल विभागातील मंडळींना घरी पाठविण्यात आले. कीर्ती मिळवून देणारे नाव सावकाराच्या दारी ठेवण्यासही उपयोगी पडले नाही, कारण ते आपले नव्हतेच. विकावयास उरला तो ‘फॉलआउट’. २००७ साली बेथेस्डाने त्याचे हक्क ५७ लाख ५० हजार डॉलर देऊन घेतले.

अडचणीतला प्रकाशक दुसऱ्याही एका मार्गाने खेळाची हानी करतो. हॅस्ब्रोच्या संगणकविभागाबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे संगणकीय हक्क २००१ साली इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीकडे गेले; तिनेच पुढे अटारी हे जुने प्रसिद्ध नाव धारण केले. तिने २००३ साली काढलेला ‘टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ दोषांसह बाजारात आला. त्यातील चुका खेळणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे कित्येक वर्षे पदरमोड करून दुरुस्त केल्या. २००९ साली हॅस्ब्रोने अटारीवर दावा लावला, २०११ साली तडजोड होऊन हक्क परत आले आणि २०१३ साली अटारीच्या अमेरिकी शाखेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यावरून परवाना वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने २०२३ साली ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग आणला आणि त्याला अपूर्व यश लाभले. परंतु लॅरियन उसन्या नावाकडे वळली ती स्वतःच्या खेळांवर पाय रोवून उभी राहिल्यावर. म्हणूनच २०२४ साली त्या नावाचा पुढचा भाग आपण करणार नाही, असे तिला सांगता आले. उसना दागिना अंगावर शोभतो; पण तो परत करण्याची ऐपत असणाऱ्यालाच शोभतो. ज्याची चूल त्या दागिन्यावर अवलंबून असते, त्याला तो घालण्याचे सुखही लाभत नाही.

कंपन्या बुडाल्या, दावे झाले, नावे हस्तांतरित झाली. तरी टेबलाभोवती फासे टाकणाऱ्यांचा खेळ थांबला नाही. अर्धवट सुटलेले खेळ सुधारणारे हात पगारी नव्हते, आवडीचे होते. अबुल फजलाने ज्या खेळांची नोंद केली, तेही याच आवडीने पिढ्यान् पिढ्या जगले. ‘पार्चिसी’ला मालक मिळाला आणि मालकाचे दिवाळे निघाले, पचिसीला मालक नव्हता, म्हणून तिच्यावर जप्ती कधीच आली नाही.