आकाशातली ऊ

हातोडी-करवत चालवता येणाऱ्या कुणालाही विमान बांधता यावं, हे वेड आँरी मिन्ये या फ्रेंच माणसाचं. १९३३ मध्ये त्याचं लाकडी, कापड चढवलेलं, एका माणसापुरतं विमान उडालं. नाव काय, तर 'आकाशातली ऊ'! इंग्रजांनी तिची पिसू केली. १९३४ मध्ये त्याने ते कसं बांधायचं याचं पुस्तकच काढलं आणि फ्रान्स-इंग्लंडात हौशी मंडळी कामाला लागली.

मग अपघात सुरू झाले. एकदा नाक खाली गेलं की विमान वर येईना. काहींचे जीव गेले. आपल्याला वाटेल, हौशी सुतारकाम कच्चं असणार. पण १९३६ मध्ये फार्नबरोला अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिलं, तेव्हा खोट आराखड्यातच निघाली. दोन पंख एकामागे एक, फार जवळ. विमान वर घ्यायला दांडा ओढला की पुढचा पंख कलायचा, मधल्या फटीतून हवा जोरात जाऊन मागचा पंख उचलायची आणि नाक आणखी खाली!

म्हणजे ज्याने आराखडा इमानाने पाळला, त्याने खोटही इमानाने बांधली. मिन्येने पुढे रचना सुधारली.

असो. लाकडी विमान बाळगणारे आजही चिकटवलेले सांधे आणि ओल तपासत राहतात. आराखडाही तपासावा लागतो, हे मात्र त्या काहींच्या जिवावर कळलं.