ओएसपीएफ की आयएस-आयएस? मोठ्या नेटवर्कला आतला रस्ता कोण दाखवतो

उमरठहून मुंबईला केलेला व्हिडिओ कॉल वाटेत अनेक राउटरमधून जातो. पुढे कुठल्या लाइनने जायचं, हे प्रत्येक राउटरला ठरवावं लागतं. कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधले रस्ते ज्या नियमांनी ठरतात, त्यांना इंटिरियर राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. (दुसऱ्या कंपन्यांच्या नेटवर्ककडे जाणारे रस्ते बीजीपी सांभाळतो.) जुना आरआयपी १५ टप्प्यांपलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे मोठ्या कंपनीपुढे खरे पर्याय दोनच: ओएसपीएफ आणि आयएस-आयएस.

दोघांचं मूळ तत्त्व एकच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट खचून बंद झाला. महाबळेश्वरला निघालेल्याला हे घाटाच्या तोंडाशी कळून काय उपयोग? महाडलाच कळलं, तर तो दुसरी वाट धरेल. इथेही तसंच. लाइन तुटली की शेजारचा राउटर ती बातमी सगळ्यांना कळवतो. प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा असतोच. त्यावर डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ मधल्या पद्धतीने जो तो नवा रस्ता काढतो.

मग फरक कुठे? ओएसपीएफचे निरोप आयपीवरून जातात, आयएस-आयएसचे थेट लिंकवरून. त्यामुळे दुरून खोटे निरोप पाठवून आयएस-आयएसला फसवणं अवघड. आयपीव्ही६ आलं तेव्हा आयएस-आयएसमध्ये फक्त नवे रकाने जोडावे लागले, ओएसपीएफची वेगळी आवृत्ती काढावी लागली. एओएलने आपलं मुख्य नेटवर्क ओएसपीएफवरून आयएस-आयएसवर नेलं आणि २००३ मध्ये तो अनुभव जाहीरपणे मांडला. पण ओएसपीएफ जाणणारे इंजिनिअर सहज मिळतात, आणि रात्री दोन वाजता नेटवर्क बसलं की तेच मोलाचं ठरतं. नवं मोठं नेटवर्क उभारायचं असेल तर आयएस-आयएस घ्यावा. ओएसपीएफ नीट चालत असेल तर उगाच हात लावू नये.

खरं दुखणं वेगळंच आहे. ओएसपीएफ सहसा दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतो आणि ४० सेकंद उत्तर आलं नाही तर लाइन गेली असं धरतो. फायबरमधला प्रकाश गेला तर लगेच कळतं, पण मध्ये स्विच असेल तर तेवढा वेळ कॉल हवेत. म्हणून सोबत बीएफडी लावतात. तो सेकंदाच्या आत तुटलेली लाइन ओळखतो.

दुसरी लाइन मात्र हवीच. दोन्ही फायबर एकाच घाटरस्त्याच्या कडेने टाकल्या असतील, तर एकच दरड दोन्ही तोडते. प्रोटोकॉलच्या नकाशावर मात्र त्या शेवटपर्यंत दोन वेगळ्या लाइन दिसत असतात.